तेल दुसऱ्याचे, वाट आपली

तेलाची पाइपलाइन येणार म्हटले की पहिला सवाल होतो, किती पोरांना काम मिळेल? माझ्या मते हा सवाल अपुरा आहे. खंदक बुजले की मजूर घरी जातात. पुढे पंप आणि पहारा सांभाळायला थोडीच माणसे लागतात. पाइपलाइनची खरी कमाई भाड्याची, आणि ती नळातून माल वाहतो तोवर चालते.

बाकू-तिबिलिसी-जेहान लाइनची मिसाल घ्या. अझरबैजानचे कच्चे तेल १७६८ किलोमीटर वाहत तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावर पोहोचते. खर्च सुमारे ४०० कोटी डॉलर, सुरुवात २००६ साली. त्याआधी तेल काळ्या समुद्रातून जहाजाने निघे आणि इस्तंबूलच्या अरुंद बॉस्फरसमध्ये टँकर खोळंबत. माल खोळंबला की भांडवल अडकते, हे कापडवाल्याला सांगायला नको.

यात हुशार सौदा जॉर्जियाचा. स्वतःचे तेल नावापुरते, पण २४९ किलोमीटरची वाट त्याची, म्हणून पिंपामागे भाडे त्याला. शिवाय त्याच पट्ट्यातून गॅसची नळीही गेली, तिच्या भाड्यापोटी गॅस मिळतो. जानेवारी २००६ मध्ये रशियाकडून येणारी गॅसलाइन स्फोटाने तुटली, तेव्हा ऐन थंडीत त्या देशाचे हाल झाले होते. दुसरा पुरवठादार हाताशी असण्याची किंमत त्यांना विचारा!

जोखीम आहेच. ऑगस्ट २००८ मध्ये तुर्कस्तानात लाइनला आग लागून ती काही आठवडे बंद पडली. २०१० नंतर विहिरींचे उत्पादनही घटले, म्हणजे पिंपावरचे भाडे घटले. तरीही आपल्या ओएनजीसी विदेशने २०१३ साली या लाइनमध्ये २.३६ टक्के हिस्सा घेतला, तो हिसाब मला पटतो.

पण आपल्याकडे, ज्याच्या शेतातून नळ जातो त्याला काय मिळते? १९६२ च्या कायद्याने जमीन मालकाचीच राहते, सरकार फक्त नळ टाकण्याचा हक्क घेते. उभ्या पिकाची वगैरे नुकसानी वेगळी, पण या हक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के रक्कम, तीही एकदाच. पीक घेता येते, मात्र त्या पट्ट्यात विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही, लूमची शेडही बांधता येत नाही. जॉर्जिया देश म्हणून पिंपामागे भाडे घेतो, तर आपल्या शेतकऱ्याने निदान सालाचे भाडे का मागू नये? ही मागणी आमदार-खासदारांकडे नळ गाडण्याआधी गेली पाहिजे.