दहा हजारांच्या पावतीनंतर

हळदीच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेली सांगलीकडील एखादी अडत पेढी डोळ्यांसमोर आणावी. मित्राच्या लग्नाहून परतताना पुतण्या पेढीची गाडी दुभाजकावर आदळतो. इजा कोणालाच होत नाही. बोनेट मात्र पार चेपते. पोलीस पोहोचण्यापूर्वी थोरल्या काकांना फोन जातो. मुलाच्या बोलण्यावरूनच काकांना सारे उमगते. "कोणाला लागले का?" हे विचारून झाल्यावर ते विचारतात, "किती भरावे लागतील?" आणि मग दबक्या आवाजात, "आपला ड्रायव्हर चालवीत होता, असे सांगता येईल का?"

ज्या घरात कांदा-लसूणही चालत नाही, तेथे मद्याचा विषय काढणे अवघड असते. म्हणूनच बहुधा तो प्रथम पोलीस ठाण्यात निघतो.

भरावयाच्या रकमेचे उत्तर सोपे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा पुन्हा घडल्यास दंड १५,००० रुपये आणि कारावासाची मर्यादा दोन वर्षे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता आणि अनेक ज्येष्ठांच्या मनात अद्याप तोच आकडा आहे. परंतु सिग्नल मोडल्यासारखी ही रक्कम जागेवर भरून मोकळे होता येत नाही. हा गुन्हा तडजोडपात्र नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. गुन्हा जामीनपात्र असला तरी पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात आणि वाजवी कारणाशिवाय चाचणीस दिलेला नकार पुढे आरोपीच्याच विरुद्ध जाऊ शकतो.

गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजेही दोषसिद्धीच होय, हे पावती हाती घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. कलम २० अन्वये दोषी व्यक्तीला किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावे लागते. वसुलीसाठी आठवड्याला चार तालुके फिरणाऱ्या तरुणाला हे सहा महिने दहा हजारांहून महाग पडतात. खटला प्रलंबित असेल तर पारपत्राच्या नूतनीकरणात अडथळा येऊ शकतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तर कधी अटक वा दोषसिद्धी झाली आहे काय, असा सरळ प्रश्नच असतो.

मोठा फटका बसतो तो विम्यात. डिसेंबर २००७ मधील एका पहाटे दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्श पदपथावर आदळून उलटली आणि जळाली. चालकाच्या श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नव्हती, कलम १८५ खाली त्याला शिक्षाही झाली नव्हती. रुग्णालयाच्या कागदावर मद्याच्या वासाची नोंद मात्र होती. विमा कंपनीने भरपाई नाकारली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाडीच्या मालक कंपनीच्या बाजूने कौल दिला. तथापि 'इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो फिरविला. चाचणी नसली तरी अन्य पुराव्यावरून नशा सिद्ध करता येते, असा त्याचा आशय. गाडी कर्जावर असेल तर दावा फेटाळला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. गाडी जळते, कर्ज जळत नाही.

दुभाजकाऐवजी माणूस असता तर गोष्ट दंडाची राहिलीच नसती. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली मरण पावले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

आता काकांचा तिसरा प्रश्न. बारा हजार पगाराचा तो ड्रायव्हर "हो" म्हणेलही, कारण पेढीला नाही म्हणण्याची त्याची ऐपत नाही. परंतु गुन्हेगाराला वाचविण्यासाठी खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. रस्त्यावरील कॅमेरे, टोलनाक्यावरील चित्रण आणि मोबाइलचे स्थान खरा चालक कोण ते दाखवून देतात. त्याच खोट्या नावाने विम्याचा दावा केला तर फसवणुकीची भर पडते. मग पुतण्याबरोबर काका आणि निरपराध ड्रायव्हर, असे तीन आरोपी होतात. मुलगा प्यालेला आहे हे ठाऊक असून गाडीची किल्ली देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा होऊ शकते, हे येथेच नोंदवावे.

तेव्हा काकांनी त्या रात्री वकिलाला फोन करावा, मुलाला घटनास्थळी थांबण्यास आणि चाचणी देण्यास सांगावे. तारखेच्या दिवशी त्यांनी स्वतः त्याच्याबरोबर न्यायालयात जावे. गाडी मात्र त्या दिवशी ड्रायव्हरनेच चालवावी, कारण पुतण्याचा परवाना पोलिसांकडे जमा असेल.