माठावरचे झाकण

वैशाखाचे ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आले की घरोघरी दोन तक्रारी एकदमच सुरू होतात : दिवसा उकाड्याची आणि रात्री डासांची. त्यांत मुंग्यांची भर पडते, परसातील लाकडांच्या ढिगाखालून एखादा विंचू बाहेर येतो, आणि हे घर माणसांचे की किड्यांचे, असे गृहिणीस वाटू लागते. या तक्रारी आपण वेगवेगळ्या मानतो. आम्हीही तशाच मानीत होतो. परंतु मागे एका उन्हाळ्यात आम्हांस सुरतेस जाण्याचा योग आला, आणि या दोन्ही गोष्टींची गाठ घरातील पाण्याच्या भांड्यापाशी पडते, हे आमच्या ध्यानी आले. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरत आपणां मराठी माणसांस परकी नाही. इतिहासाच्या पुस्तकामुळे तिचे नाव लहान मुलांसही ठाऊक असते. पण आज तेथे मराठी बोलणारे जे हजारो लोक आहेत, ते पोटासाठी गेलेले आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूची माणसे तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने सुरतेस उतरली आणि यंत्रमागांवर व कापडाच्या पेठेत कामास लागली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरताना आपण खानदेशातच आहोत की काय, असा भास होतो. तेथील महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविते. अशाच एका वस्तीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. खोली एक, आणि डोक्यावर पत्रा.

सुरत समुद्रापासून फार दूर नाही. तेव्हा तेथे विदर्भासारखे ऊन नसणार, असे आम्ही समजत होतो. ती समजूत पहिल्याच दुपारी गळाली. सपाट प्रदेशात पारा निदान ४० अंशांपर्यंत चढल्याखेरीज हवामान खाते उष्णतेची लाट मानीत नाही. किनाऱ्यालगत मात्र तो ३७ अंशांवर गेला व नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असला, तरी लाट समजतात. याचे कारण असे की, घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होते. आणि किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. त्या खोलीत पंखा फिरत होता, पण तापलेल्या पत्र्याखालची गरम हवाच तो अंगावर लोटीत होता. आजींनी ओले धोतर खिडकीत बांधले होते. आम्ही येताच त्यांनी ताडगोळे सोलून पुढे ठेवले. तिकडे त्यांस गलेली म्हणतात.

खोलीच्या कोपऱ्यात एक मोठे निळे पिंप होते. नळास पाणी ठराविक वेळीच येत असल्याने त्या पिंपात भरलेले पाणी हाच त्या घराचा आधार होता. आम्ही बसलो असतानाच महानगरपालिकेची एक कर्मचारी मुलगी हातात विजेरी घेऊन दाराशी आली. तिने पिंपाचे झाकण उचलून आत उजेड पाडला.

“आजी, हे पिंप शेवटचे केव्हा घासले?”

“घासायचे कशाला, बाई? रोज भरते, रोज झाकते. पाणी अगदी स्वच्छ आहे बघ.”

“पाणी स्वच्छ आहे, म्हणूनच विचारते,” असे म्हणून तिने आजींस जवळ बोलाविले. पाण्याच्या पृष्ठभागापाशी बारीक दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. झाकणाचा एक कोपरा फुटलेला होता. तेवढी वाट त्यांच्या आईस पुरली होती.

सून काहीच बोलली नाही. तिने धाकट्या मुलास जवळ ओढून घेतले. आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्याच मुलास डेंग्यूचा ताप आला होता आणि आठ दिवस तो रुग्णालयात होता, हे आम्हांस मागाहून कळले. त्या वेळचा डास कोणत्या भांड्यातून निघाला, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या मातेच्या मनात कोणता विचार आला असेल, हे आम्ही तिच्या चेहऱ्यावरून जाणले. ज्या पाण्याने मुलाची तहान भागवावयाची, त्याच पाण्यात त्याचा वैरी वाढत होता.

डास म्हटले की आपणांस गटार आठवते. गटारात डास होतात हे खरेच. परंतु डेंग्यू पसरविणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास घरातील स्वच्छ, साठविलेले पाणी शोधतो आणि दिवसाढवळ्या चावतो. त्याची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या अंगास, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून डास होण्यास सात-दहा दिवस पुरतात. आणि अधिक ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, भांडे कोरडे पडले तरी ही अंडी मरत नाहीत. ती महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून देण्याने भागत नाही. भांडे आतून खरखरीत चोथ्याने घासावे लागते. वैशाखात जे घासले नाही, त्याचे फळ श्रावण-भाद्रपदात तापाच्या रूपाने पदरी पडते.

सुरतेहून परतल्यावर आम्ही आमच्याच घराकडे नव्या नजरेने पाहिले, आणि आम्हांस लाज वाटली. परसात चिमण्यांसाठी आम्ही पाण्याचे एक पसरट भांडे ठेवीत असू. उन्हाळ्यात पाखरांस पाणी ठेवावे, असा उपदेश आम्ही इतरांसही करीत आलो आहोत. त्या भांड्यात पाणी रोज वर घातले जाई, पण ते रिकामे कधीच होत नसे. तळाशी शेवाळ, आणि शेवाळापाशी त्याच अळ्या! स्वयंपाकघरातही तीच कथा. मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत. त्या वाट्यांतील पाणी कोण बदलतो? मुंग्यांस अडविण्यासाठी आम्ही डासांस पाळणा बांधून दिला होता. याशिवाय कुंड्यांखालच्या बशा, शीतपेटीच्या मागचा पाण्याचा ट्रे, कूलरची टाकी, माडाखाली पडलेल्या करवंट्या आणि कुंपणाशी टाकलेला जुना टायर, अशी आमची मोजणी अकरापर्यंत गेली.

सुरत शहराने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. साचलेले पाणी आणि न उचललेला कचरा यांची तेव्हाची वर्णने अनेकांच्या स्मरणात असतील. १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी कचेरी सोडून रोज वस्तीत फिरावे, असा शिरस्ता त्यांनी पाडला, आणि थोड्याच काळात त्या शहराची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. पण महानगरपालिका रस्ता झाडू शकते, घरातील पिंप घासू शकत नाही. ती विजेरीवाली मुलगी फार तर झाकण उचलून दाखवील. पुढचे काम घरच्यांचे.

येथे कोणी म्हणेल की, मग पाणी साठवूच नये. तसे मात्र मुळीच नाही. उन्हाळ्यात पाण्याची काटकसर अंगाशी येते, आणि उष्णतेची लाट ही काही केवळ गैरसोय नव्हे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेस पारा ४६ अंशांच्या वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक माणसे दगावली, असे पुढे अभ्यासकांनी हिशेब करून दाखविले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटेसाठी आपली योजना आखली : लोकांस आगाऊ सूचना देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाणपोया घालणे. झोपडीच्या छपरांस पांढरा रंग देण्याचा उपायही तेथे पुढे आला. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला असता ऊन परत फेकले जाते आणि खाली बसणाऱ्यास फरक जाणवतो. हा उपाय आपल्या खेड्यांतही सहज करता येईल.

तेव्हा पाणी हवेच. तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत ही आपली जुनी पेये उत्तम. घामाने फार गळून गेल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले ६ लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून ते थोडे थोडे द्यावे. शेतावरील काम सकाळी लवकर आटोपावे. आणि कोणाचे अंग तापून चटके बसू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघा यांवर थंड ओली फडकी ठेवावी आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

विंचवाविषयीही दोन शब्द. उकाड्यामुळे आपण जमिनीवर किंवा अंगणात निजतो, आणि तोही थंडाव्याच्या शोधात लाकडांच्या व विटांच्या ढिगातून बाहेर पडतो. ढीग भिंतीपासून दूर ठेवावे, अंथरूण झटकून पसरावे, पायताण झटकून घालावे. दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात अनेकांचे प्राण वाचविले आहेत. ते औषध वेळेवर मिळावे, म्हणून रोग्यास तडक दवाखान्यात न्यावे.

आता आमच्या घरी काय ठरले, ते सांगून हा मजकूर पुरा करतो. शनिवारी सकाळी, रविवारच्या तयारीस लागण्यापूर्वी, घरातील पाण्याची सर्व भांडी एकदा रिकामी करावयाची, आतून घासावयाची आणि उन्हात कोरडी करावयाची. ओतलेले पाणी वाया जात नाही. ते केळीच्या आळ्यात जाते. जी टाकी रिकामी करणे शक्य नाही, तिच्या तोंडास दाट कापड घट्ट बांधतो. विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत. फडताळाखालच्या वाट्यांत मूठभर मीठ घालतो, आणि शनिवारी त्याही धुऊन निघतात. चिमण्यांचे भांडे तेथेच आहे, पण ते रोज पालथे घालून नव्याने भरण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे आहे, आणि तो ते मोठ्या अभिमानाने करतो.

मात्र आपल्या घरापुरते हे करून भागणार नाही. हा डास फार लांब उडत नाही, पण कुंपण ओलांडण्याइतके बळ त्यास आहे. शेजारी कोणी म्हातारे माणूस एकटे राहत असेल, तर त्याच्याने भरलेले पिंप कलंडवत नाही, आणि दुपारच्या उन्हात त्यास काय होते ते पाहण्यास कोणी नसते. शनिवारी आपले पिंप घासून झाले की त्याचेही घासून द्यावे, आणि लाटेच्या दिवसांत दुपारी एकदा त्याच्या दाराशी जाऊन ताकाचा पेला पुढे करावा.

सुरतेच्या आजींचा निरोप नुकताच आला आहे. पिंपास नवे झाकण बसले, पत्र्यास चुना लागला, आणि धाकटा नातू दर शनिवारी विजेरी घेऊन पिंपात डोकावतो. “आता घरातच एक कर्मचारी झाला आहे,” असे त्यांनी कळविले आहे.