राखून ठेवलेले मत
(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने न्यायवैद्यकशास्त्रावर लिहावे याचे काही जणांना हसू येईल. जमाखर्च, ताळेबंद आणि विम्याची तत्त्वे एवढाच आमचा प्रांत. डॉक्टर, प्रयोगशाळा आणि कोर्ट या तिघांच्या मध्ये आम्ही तोंड घालण्याचे कारण काय? कारण एवढेच, की शेजारधर्म म्हणून मला एक काम करावे लागले आणि ते करताना विम्याच्या पाठ्यपुस्तकात नसलेल्या पुष्कळ गोष्टी कळल्या. त्या कळल्यावर गप्प बसणे बरे वाटेना.

आमच्या घरापासून तीन घरे सोडून एक काकू राहतात. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान पहाटे बांधावरचे गवत कापायला गेले आणि अर्ध्या तासात पाय धरून परत आले. गाडी मिळेपर्यंत, रस्ता संपेपर्यंत जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. दवाखान्याच्या कागदावर ‘मृतावस्थेत आणले’ एवढीच नोंद झाली. पोलिस आले, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झाले. तिसऱ्या दिवशी माती सावडून झाली आणि त्यानंतर कागदांचे दिवस सुरू झाले.

माझे शिक्षण मराठी माध्यमातले. पण बेळगाव भागात राहून बाजारात, बसमध्ये आणि कॉलेजात कन्नड कानावर पडत राहते. मी ते बोलायलाच नव्हे, वाचायलाही शिकलो आहे. त्यामुळे गल्लीतला कुठलाही सरकारी कागद माझ्याकडे येतो. काकूंचेही कागद आले. पंचनामा कन्नडमध्ये होता. कन्नडमध्ये सापाला ‘हावु’ म्हणतात आणि मरणाला ‘सावु’. एका अक्षराचा फरक. ते दोन शब्द एकाच ओळीत वाचताना माझा आवाज अडखळला. पोस्टमॉर्टेमचा अहवाल इंग्रजीत होता आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरात होता. उजव्या घोट्यावर दोन बारीक छिद्रे, भोवती सूज, हे कसेबसे लागले. शेवटच्या रकान्यातले वाक्य मात्र छापील होते, कारण ते रबरी शिक्क्याने उठवलेले होते. त्याचा अर्थ असा : मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत रासायनिक तपासणीचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवले आहे.

मी ते काकूंना मराठीत सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “राखून ठेवलंय म्हणजे कुणासाठी रे बाळा?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

मत राखून ठेवणे ही डॉक्टरांची चालढकल नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. शेतात माणूस मेला तर साप हेच एक कारण असते असे नाही. कीटकनाशकाची बाटलीही शेतातच असते. म्हणून शंका असेल तेव्हा जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा व मूत्रपिंडाचा भाग काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत ठेवतात, बरणीला सील करतात आणि पोलिसांमार्फत प्रयोगशाळेला पाठवतात. यालाच आपण व्हिसेरा म्हणतो. हे किती महत्त्वाचे आहे ते सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली जोशिंदर यादव विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात बजावले आहे. न्या. रंजना देसाई यांच्या त्या निकालात म्हटले आहे, की विषप्रयोगाचा संशय असताना व्हिसेरा प्रयोगशाळेकडे गेलाच पाहिजे आणि त्याचा अहवाल न्यायालयापुढे आलाच पाहिजे. हुंड्यासाठी विष घातलेल्या एखाद्या मुलीला त्या बरणीशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. तेव्हा बरणीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे बरणी गेल्यानंतर काय होते याबद्दल आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. काकूंच्या यजमानांच्या बँकेच्या पासबुकात दर वर्षी 20 रुपयांची एक वजावट होती. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये. मृत्यू अपघाती असला तरच ही रक्कम मिळते. आत्महत्येला ती नाही. सर्पदंश हा अपघात आहे हे योजनेच्या नियमांतच नमूद आहे आणि त्यासाठी दवाखान्याची तत्काळ नोंद पुरावा धरली जाते. दावा शक्यतो 30 दिवसांत करावा असेही त्यात आहे. नियम वाईट नाही. पण ज्याला दवाखान्यात श्वास असेतो पोचताच आले नाही, त्याची नोंद कसली? त्याच्यासाठी उरतो फक्त पोस्टमॉर्टेमचा अहवाल. आणि त्या अहवालात तर मत राखून ठेवलेले. बँकेत सांगण्यात आले, “कारण लिहून आणा, मग बघू.”

पैशाचे एक वेळ सोसता येते, लोकांच्या जिभेचे सोसवत नाही. मत राखून ठेवले आहे याचा गावात अर्थ लावला गेला तो वेगळाच. सोसायटीचे कर्ज होतेच. कुणी तरी म्हणाले, साप कसला, औषध प्यायला असेल. कागदावर एक रकाना रिकामा राहिला की लोक तो आपापल्या परीने भरतात. काकूंच्या मुलीला शाळेत हे ऐकावे लागले.

प्रयोगशाळेचा अहवाल अकरा महिन्यांनी आला. तो आल्याचे काकूंना कुणी कळवले नाही. पोलिस ठाण्यात मीच तिसऱ्यांदा चौकशी केली तेव्हा समजले. अहवालात लिहिले होते : कोणतेही विषद्रव्य आढळले नाही. आम्हांला वाटले, सुटलो. बँकेतल्या साहेबांना वाटले उलटेच. ते म्हणाले, “विष नाही म्हणजे सापाचेही विष नाही. मग मृत्यू कशाने?”

याचे उत्तर आम्हांला पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांनीच दिले. त्यांची बदली दुसऱ्या तालुक्याला झाली होती. पोलिसांनी प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्याकडे नेऊन अंतिम मत घ्यायचे असते, ही पायरीच आम्हांला ठाऊक नव्हती. ती पूर्ण व्हायला आणखी दोन महिने गेले. डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होते आणि मी काकूंना मराठीत सांगत होतो. ते म्हणाले, सापाचे विष हे प्रथिनांचे असते. व्हिसेऱ्याच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत कीटकनाशके, धातूंची विषे, वनस्पतींची विषे शोधतात, सापाचे विष त्यात सापडत नाही. म्हणजे ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘औषध प्यालेला नाही’ एवढाच. बाकीचे घोट्यावरची छिद्रे आणि सूज सांगतच होती. त्यांनी अंतिम मत पंधरा मिनिटांत लिहून दिले : सर्पदंशाने मृत्यू. आणि काकूंना म्हणाले, “अहवाल माझ्याकडे आजच आला, बाई. आधी आला असता तर त्याच दिवशी लिहून दिलं असतं.”

पंधरा मिनिटांचे काम आणि तेरा महिन्यांची वाट. यात खलनायक कोण? मला तरी कुणी दिसला नाही. डॉक्टरांनी आपले काम केले, प्रयोगशाळेने केले, पोलिसांनीही उशिरा का होईना केले. प्रत्येकाने कागद पुढच्याकडे दिला. फक्त ज्या घरातला माणूस गेला ते घर या साखळीत कुठेच नव्हते. अहवाल डॉक्टर लिहितो पोलिसांसाठी, पोलिस नेतात न्यायाधिकाऱ्यांसाठी. वारस हा त्यात वाचक म्हणून धरलेलाच नाही.

वैद्यक आणि कायदा जिथे भेटतात तिथे मधला माणूस विसरला जातो, हे काही नवीन नाही. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला मोटारीने उडवले. त्याला जवळच्या इस्पितळात नेले तर ‘आम्हांला पोलिस-केसेस घ्यायचा अधिकार नाही’ म्हणून वीस किलोमीटर लांब पाठवण्यात आले आणि तो वाटेत मेला. ती बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1989 साली निकाल झाला की आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार नंतर. जखमी माणसाची आठवण तेव्हा झाली. पुढे आरोपींना सुई टोचून, गुंगीत बोलते करून कबुलीजबाब काढण्याची शास्त्रीय म्हणवणारी पद्धत बोकाळली. आपल्याच राज्यातून गेलेल्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. आरोपी हाही माणूस आहे, याची आठवण झाली. 2022 साली त्याच न्यायालयाने बलात्कारपीडित स्त्रीची ‘दोन बोटांची चाचणी’ करणे हे गैरवर्तन ठरवले आणि ती वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढायला सांगितली. त्या चाचणीला शास्त्राचा आधार नव्हताच. होता तो फक्त अपमान. पीडितेची आठवण झाली.

जखमी, आरोपी, पीडिता. आता वारसाची पाळी केव्हा?

सुरुवात झाली आहे असे म्हणायला थोडी जागा आहे. ओडिशा उच्च न्यायालयापुढे एका बापाचा अर्ज आला होता. मुलगा साप चावून मेला, सानुग्रह मदत मिळावी, असा. न्यायमूर्तींना पोस्टमॉर्टेमचा अहवाल वाचताच येईना. शेवटी तो लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच हजर होऊन आपले अक्षर लावून दाखवावे लागले. जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की डॉक्टरांनी असे कागद सुवाच्य, मोठ्या अक्षरांत किंवा टंकलिखित द्यावेत. ऑगस्ट 2025 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानेही एका न्यायवैद्यकीय अहवालाचे अक्षर न लागल्यावरून असाच विषय हाती घेतला आणि वाचता येईल असा कागद मिळणे हा रुग्णाचा मूलभूत हक्क मानला. न्यायमूर्तींना जे वाचता येत नाही, ते चौथी शिकलेल्या बाईने कसे वाचावे?

यावर दुसरी बाजू आहे आणि ती मला मान्य आहे. डॉक्टर थोडे, प्रेते पुष्कळ. बाहेर शंभर रुग्णांची रांग लागलेली असताना हे काम करावे लागते. खुनाच्या तपासात सर्वच गोष्टी घरच्यांना सांगता येत नाहीत, कारण कधी कधी गुन्हेगार घरातलाच असतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती चांगलीच आहे. पण त्यामुळे प्रयोगशाळांवरचा भार वाढणार, आणि भार वाढला की साध्या सर्पदंशाची बरणी आणखी मागच्या फळीवर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याच संहितेत फिर्यादीला वा पीडिताला तपासाची प्रगती 90 दिवसांत कळवावी असे कलम आहे. पण ते गुन्ह्याच्या तपासासाठी. ज्या मृत्यूत गुन्हाच नाही, ज्याची नोंद आपल्याकडे ‘यू.डी.आर.’ आणि पलीकडे महाराष्ट्रात ‘ए.डी.’ या अक्षरांत होते, त्याच्या वारसाला ते लागू पडत नाही. म्हणजे गुन्हा घडला तर कायदा विचारपूस करतो. नुसतेच दुर्दैव घडले तर करत नाही!

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, अहवाल टंकलिखित असावा. दुसरी, गुन्ह्याचा संशय नसेल तिथे वारसाला त्याच्या भाषेत अर्ध्या पानाचा सारांश मिळावा : काय आढळले, काय बाकी आहे, पुढे कुणाकडे जायचे. हा कन्नड-मराठीचा वाद नव्हे; ज्याला जी भाषा कळते तीत त्याच्या बापाचे मरण सांगा, एवढेच. तिसरी, प्रयोगशाळेचा अहवाल आल्याचे वारसाला लेखी कळवावे आणि अंतिम मतासाठी मुदत असावी. चौथी, दंशाच्या स्पष्ट खुणा असतील तर डॉक्टरांनी ‘सर्पदंशाची दाट शक्यता, इतर विषांबाबत मत राखून’ एवढे तरी पहिल्याच दिवशी लिहावे. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू कळवणे दवाखान्यांना बंधनकारक केले आहे. पण कारणाचा रकानाच रिकामा असेल तर नोंद तरी कशाची होणार?

आणि आपण? या मासिकाच्या दोन विभागांत मिळून दोन भाषा वाचणारे कितीतरी विद्यार्थी आपल्या कॉलेजात आहेत. आठवड्यातून एक तास बसून लोकांचे कागद वाचून दाखवणे, विम्याचा फॉर्म भरून देणे, पुढची पायरी कोणती ते सांगणे, एवढे आपल्याला सहज जमेल. प्राध्यापक मंडळींनी पाठीवर हात ठेवला तर येत्या सत्रापासूनच हे सुरू करता येईल. मला ती पायरी तेरा महिन्यांनी कळली; दुसऱ्या कुणाला ती तेराव्या दिवशी कळू शकेल.

काकूंचा दावा आता बँकेतून पुढे गेला आहे. पैसे अजून आलेले नाहीत. परवा त्यांनी अंतिम मताच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि मुलीच्या दप्तरात ठेवली. मी विचारले, “शाळेत कशाला?” त्या म्हणाल्या, “असू दे. कुणी काही बोललं तर दाखवील.”

राखून ठेवलेले मत खरे म्हणजे कुणासाठी होते, ते मला त्या दिवशी थोडेसे कळले.