इतिहास मोडीच्या भावाने

दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई निघते आणि गल्लीत मोडवाल्याची हाक सुरू होते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आजींना मी विचारले, "न्हाणीतलं ते तांब्याचं घंगाळ दिसत नाही?" आजी म्हणाल्या, "मोडीत घातलं की ओ सर. ठेवायला जागा नको काय? आलेल्या पैशात कुकर घेतला." चार पिढ्यांनी ज्या घंगाळातल्या पाण्याने नरकचतुर्दशीची आंघोळ केली, ते वजनावर गेले. मी आजींना दोष देत नाही. त्या वस्तूला तांब्याच्या भावापलीकडे काही मोल आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते. इतिहास मी शिकवतो.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. सीमाभागातल्या प्रत्येक हायस्कुलात, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, एका खोलीचे का होईना संग्रहालय उभे राहिले पाहिजे. ते उभे राहत नाही, याला सरकारपेक्षा आपण अधिक जबाबदार आहोत.

बेळगावच्या किल्ल्यातले १२०४ सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात जैन मंदिराला दिलेल्या दानांची त्यांत नोंद आहे. साहेबाने आमचे दगड नेले म्हणून आपण व्याख्यानांतून हळहळतो. पण लंडनमध्ये त्या दगडांवर छप्पर आहे, त्यांना नोंद-क्रमांक आहे. आमचे वीरगळ कुठे आहेत? एक तळ्याकाठी धुणे आपटायला, एक देवळाच्या पायरीत, एक तैलरंग फासून उभा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. एवढे वाचायला दहावीच्या मुलाला एक तास पुरतो. तो तास आपण देत नाही.

का देत नाही? पहिले उत्तर ठरलेले : "सर, एस्. एस्. एल्. सी.चा निकाल बघायचा की हे उद्योग करायचे?" पण ज्या मुलाने आजोबांच्या घरातली पायली, शेर, चिपटे हातात घेऊन मोजली, त्याला मापनाचा धडा पाठ करावा लागत नाही. घरातला जुना आणा दाखवून १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे कसे झाले, हे एकदा सांगितले की गणितही कळते आणि इतिहासही.

दुसरे उत्तर : "हे काम सरकारचे." पुण्याच्या केळकर संग्रहालयाची सुरुवात सरकारने केली नव्हती. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतले दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर जमवली, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आधी माणूस, मग सरकार, असा तो क्रम होता. परदेशातलेही एक उदाहरण देतो. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात सांता आना देल वाय्ये नावाचे विणकरांचे गाव आहे. तिथे चौकात श्रमदान चालू असताना प्राचीन दफनांचे अवशेष निघाले. या वस्तू राजधानीला जाऊ द्यायच्या नाहीत, गावातच ठेवायच्या, असे गावकऱ्यांनी ठरवले आणि १९८६ साली आपले संग्रहालय उघडले. विणकरांचे गाव म्हटले की मला आमचे शहापूर-वडगाव आठवते. तिथल्या हातमागाचा एक धोटा तरी आमच्या शाळांतून जपून ठेवलेला आहे काय?

तिसरे उत्तर कुणी उघड देत नाही. पण खरी अडचण तीच आहे. आमच्या शाळेत मी ही कल्पना मांडली, तेव्हा बैठकीनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले. "सर, देवळामागच्या दगडावर कानडी अक्षरं आहेत. त्याचा गाजावाजा नको. उद्या आपल्याविरुद्ध पुरावा व्हायचा." पुढे एका कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांचे म्हणणे असे, की पाट्या फक्त कन्नडमध्येच लावा. दोघांचा रोग एकच. दोघांनाही इतिहास नको, साक्षीदार हवा आहे.

मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. मराठीवरच्या अन्यायाबद्दल मी कधी गप्प बसलेलो नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. तो तिथे नेटाने लढवला जावो. पण आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावर पोते झाकून कोणती मराठी वाचणार? 'वीरगळ' हा आपला शब्दच कन्नड 'वीरगल्लु'वरून आला. कल्लु (समासात गल्लु) म्हणजे दगड. अडकित्त्यातली 'अडके' म्हणजे कन्नड सुपारी. मग अडकित्ताही लपवायचा काय? ज्या घरात मोडी कागदांचे दप्तर आहे, त्याच घरात जुन्या कन्नड पावत्याही निघतात, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा पाट्या दोन्ही भाषांत लागतील. मराठी पाटीचा आग्रह मी सोडणार नाही आणि कन्नड पाटी काढू देणार नाही. ही तडजोड नव्हे. या मातीत जे घडले, त्याचा तो खरा हिशेब आहे.

याला देणगीदाराच्या नावाची संगमरवरी इमारत लागत नाही. एक कोरडी खोली, कुलपाची दोन कपाटे आणि एक जाड नोंदवही पुरे. वस्तूचे दोन्ही भाषांतले नाव, माप, कुणी दिली, कायमची की परतीच्या बोलीने, आणि तिची हकीकत, हे मुलांनी लिहावे. देणाऱ्याला सहीची पावती द्यावी. हकीकत सांगायला आज्या, सुतार, कासार, विणकर यांना शाळेत बोलवावे. जुने भांडे चिंच लावून घासू नये. मोडी कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती रुमालात बांधून ठेवावा. वीरगळ उपटून आणू नये. जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे, नोंद करावी. जमिनीत धन सापडले, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना १९७२चा कायदा आहे. तो पुरातत्त्व खात्याकडून समजून घ्यावा. कायद्याच्या भीतीने वस्तू मोडीत घालणे मात्र थांबवावे.

आमच्या शाळेत खोली मोकळी केली आहे. नोंदवहीत आजवर एकतीस वस्तू चढल्या आहेत. त्या घंगाळाच्या आजींनी परवा नातवाबरोबर दगडी पाटा-वरवंटा पाठवला. या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा मोडवाल्याला हाक मारण्याआधी आपापल्या गावच्या शाळेत एक निरोप धाडा. आणि शाळेने "हे आमचे काम नव्हे" असे सांगितले, तर त्या मुख्याध्यापकाला हा अंक वाचायला द्या.