खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसं टिकवायचं? बंदूक, पुतळा आणि वाढवण बंदर

30 ऑगस्ट 2024. पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन होतं, पण बातमी झाली ती माफीची. चारच दिवस आधी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा 35 फुटी शिवपुतळा कोसळला होता. त्याबद्दल पंतप्रधान मोदींनी त्याच व्यासपीठावरून माफी मागितली. पुतळा उभा राहून नऊ महिनेही झाले नव्हते. नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने 20 ऑगस्टलाच नौदलाला पाठवलं होतं. पुतळा पडण्यामागे इतरही कारणं सांगितली गेली, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना गंजाचं वेगळं सांगावं लागत नाही.

हवेतलं मीठ लोखंडावर बसतं आणि ओल धरून ठेवतं. त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो.

याचा बारकाईने विचार कुठे करावा लागतो? बंदुकीवर. कारण तिथे गंज म्हणजे ऐनवेळी अडकलेलं हत्यार, आणि थर जाड दिला तर सुटे भाग एकमेकांत बसत नाहीत.

ब्लूइंग म्हणजे बंदुकीचा तो निळसर काळा रंग. दिसतो देखणा, पण एकट्याच्या जिवावर किनारपट्टीत टिकत नाही. तेलाचा हात चुकला की ठिपके आलेच. फॉस्फेटचा थर राखाडी आणि खरबरीत असतो. तो तेल शोषून धरतो, म्हणून महायुद्धापासून सैन्यांनी तोच पसंत केला. सेराकोटसारखा सिरॅमिक लेप मिठाला चांगला दाद देत नाही, मात्र आधीची साफसफाई नीट नसेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि गंज आतून वाढतो. नायट्रायडिंग हा लेपच नाही. त्यात पोलादाचा पृष्ठभागच कडक केला जातो, त्यामुळे सोलून निघायला काही नसतं. डहाणूच्या हवेत निवड करायचीच तर आमचं मत नायट्रायडिंगला, आणि वर तेल.

जाहिरातीतल्या ‘इतके तास मिठाच्या फवाऱ्यात टिकलं’ या दाव्यावर जाऊ नका. ती चाचणी 35 अंशांवर, 5 टक्के मिठाच्या पाण्यात बंद पेटीत होते. त्या तासांवरून किनाऱ्यावरची वर्षं काढता येत नाहीत. आणि हो, परवानाधारकांनी हे घरी करू नये. बंदुकीवरचा क्रमांक पुसणं किंवा बदलणं शस्त्र कायदा, 1959 नुसार गुन्हा आहे.

आता वाढवण. 76,220 कोटींचं हे बंदर खुल्या समुद्रात भराव टाकून उभं राहणार आहे. मच्छीमारांचा विरोध हा स्वतंत्र आणि मोठा विषय. पण एकदा बांधलं की इथल्या पोलादाला सगळ्यात जास्त धोका भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात. तिथे मीठ, पाणी आणि हवा तिन्ही एकत्र भेटतात. पाण्याखालच्या भागाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. ते आधी झिजतात आणि पोलाद वाचतं. शिंतोड्यांच्या पट्ट्यात ही युक्ती चालत नाही, तिथे जाड लेपच लागतो आणि तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

राजकोटला 11 मे 2025 रोजी नवा 60 फुटी पुतळा उभा राहिला. त्याच्या निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची अट आधीच घातली होती. वाढवणच्या कंत्राटांमध्ये शोधायची ओळ हीच.