साडेबारा टक्के आणि एक ग्रीटिंग कार्ड

संपादक मंडळाने माझ्याकडे ‘हॉस्टेलच्या गमतीजमती’ मागितल्या होत्या. मेसची डाळ, सबमिशनची रात्र वगैरे. त्या दरवर्षी छापून येतात, पुढच्या वर्षीही येतील. मला यावेळी एका चोरीबद्दल लिहायचंय. चोर मीच आहे, त्यामुळे बाकी कुणी रागवायचं कारण नाही.

जीटी म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगायला नको. स्टाफपैकी कुणाला माहीत नसेल (असं कुणी असेल असं वाटत नाही!) तर त्यांच्यासाठी : काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पेन्सिल फिरवायची. ग्लास ट्रेसिंग. फर्स्ट इयरला हाताला अशी सवय लागते की दुसऱ्याची रेघ आपलीच वाटायला लागते.

सेकंड इयरला मी पब्लिसिटी कमिटीत होतो. पाहुण्यांना आणि स्पॉन्सरना नवीन वर्षाची शुभेच्छापत्रं पाठवायची होती आणि हातात होते तीन दिवस. माझ्या बॅगेत ताईने दिवाळीत दिलेलं एक कार्ड होतं. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. जासईला आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिने ए.टी.डी. केलंय, पण शाळेत नोकरी काही लागली नाही, म्हणून घरीच ग्रीटिंग, पाकिटं, छोट्या वह्या, लग्नाच्या पत्रिका असं करून विकते. त्या कार्डावर मिठागराचा बांध होता, बांधावर एकच पणती, पाण्यात तिचं प्रतिबिंब, आणि लांबवर बंदरातल्या क्रेनचे दिवे. आमच्याकडचा माणूस ते चित्र बघून लगेच सांगेल की ही जागा कुठली.

मी ते स्कॅन केलं. कोपऱ्यातली तिची बारीक सही फोटोशॉपमध्ये पुसली, तिथे कॉलेजचं बोधचिन्ह बसवलं, ४०० प्रती छापून घेतल्या. मागच्या बाजूला छापलं, ‘संकल्पना : पब्लिसिटी कमिटी’. सगळ्यांनी कौतुक केलं. ताईला मी सांगितलंसुद्धा नाही. विसरलो नव्हतो. घरचंच तर आहे, त्यात काय सांगायचं, असं वाटलं.

फेब्रुवारीत ती नमुने घेऊन न्हावा-शेवाच्या बाजूला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात गेली. त्यांना गुढीपाडव्यासाठी ३०० कार्डं हवी होती. साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली आमच्या कॉलेजचं कार्ड! ताईच्या फाईलमध्ये तेच चित्र. साहेबांनी विचारलं, “मॅडम, हे कॉलेजचं डिझाईन तुम्ही उचललंत की काय?” ती म्हणाली माझं आहे. ते हसले. पुरावा म्हणजे सही, आणि ती तर मी पुसलेली. ऑर्डर गेली ती गेलीच, वर चोर ठरली तीच. रात्री तिचा फोन आला. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती एवढंच बोलली, “पैशांचा सोर रे, इचाराचा तरी!”

त्यानंतर सुट्टीत मी तिच्याबरोबर बसून तिचा हिशेब पाहिला. आपण इंजिनिअर, आपल्याला आकड्यांशिवाय काही पटत नाही ना! ५ बाय ७ इंचाचं घडीचं कार्ड, म्हणजे उघडलं की १० बाय ७. १२ बाय १८ च्या शीटमध्ये अशी दोनच बसतात. डिजिटल प्रिंट आणि जाड कागद मिळून शीटला ४० रुपये, म्हणजे कार्डाला २०. पाकीट ४, प्लॅस्टिकचं कव्हर १. झाले २५. विक्रीची किंमत ६०. दुकानदार ४० टक्के घेतो, म्हणजे २४. उरले ११. दहा कार्डांतली दोन उन्हात रंग उडून परत येतात, त्यांचे ५० वजा. म्हणजे दहा कार्डांमागे ३८ रुपये, एकाला चारसुद्धा नाहीत. चित्र काढायचे चार दिवस यात कुठेच धरलेले नाहीत.

मग ऑफसेटवर का नाही छापत, असा प्रश्न मी शहाण्यासारखा विचारलाच. चार रंग म्हणजे चार प्लेट. शंभर प्रती काढा नाहीतर हजार, प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च तेवढाच. हजार काढल्या तर एक कार्ड स्वस्त पडतं, पण उरलेली आठशे ठेवायची कुठे? एका वर्षी तिने ठेवली होती पलंगाखाली. जासईचा पावसाळा, त्यात खाडीची हवा. ऑगस्टपर्यंत कागदाला बाक आला आणि पाकिटांचा गोंद आपला आपणच चिकटून बसला!

टपालाचीही गंमत आहे. साध्या पत्राला पाच रुपयांच्या तिकिटात वीस ग्रॅम जातात. ३०० जीएसएमचं हे कार्ड साडेतेरा ग्रॅम, पाकीट सहाएक. काट्यावर बरोबर मावतं. त्यावर एक कागदी फूल चिकटवलं की सीमा ओलांडली, वाढीव तिकीट लावा. म्हणून ताईच्या कार्डांवर फुलं चिकटवलेली नसतात, रंगवलेली असतात. लोक म्हणतात काय साधेपणा आहे! साधेपणा कसला, वजन आहे ते.

आता शीर्षकातल्या साडेबारा टक्क्यांकडे येतो. आमचं गाव दि. बा. पाटलांचं. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी १६ जानेवारीला जासईत त्यांना अभिवादन होतं, मी लहानपणापासून जातोय. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचं तत्त्व आलं. त्या बलिदानाची बरोबरी कागदाच्या घडीशी करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण भाषणात दरवर्षी ऐकलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती : जमीन घेताना दिलेला पैसा एक, आणि त्या जमिनीवर पुढे जी किंमत उभी राहते तिच्यातला वाटा वेगळा. हे मला जमिनीबाबत कळत होतं. चित्राबाबत नाही कळलं. ६० रुपयांचं कार्ड हातात आलं म्हणजे चित्रच आपलं झालं, असं धरून मी चाललो. (कार्ड तरी कुठे विकत घेतलं होतं, भेटच होती ती.)

हे आजचं नाही. लोहगड-विसापूरच्या ट्रेकला आपण ज्या मळवलीला उतरतो ना, तिथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. १८९४ मध्ये त्यांनी तो मुंबईत काढला आणि काही वर्षांत मळवलीला नेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्र उतरवायचं, एकावर एक छापत जायचं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्याची कामं करत असत. घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या त्या इथून. पण स्वतः चित्रकार असलेल्या मालकाला धंदा झेपला नाही, कर्ज झालं, आणि छापखाना चित्रांच्या हक्कांसकट तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाकडे, फ्रिट्झ श्लायशरकडे गेला. रविवर्म्यांनंतरही त्या चित्रांची पोस्टकार्डं, कॅलेंडरं, लेबलं निघत राहिली. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर जासईच्या ताईचं काय!

अर्थात कलाकार मंडळी सगळी धुतल्या तांदळासारखी असतात असं नाही. ताईच्या जुन्या वह्यांवर वारली नक्षी होती, खपायचीही छान. मी माझी बाजू सावरायला ते काढलं. “मग जिव्या सोमा मशेंना तू विचारलं होतंस का?” ती गप्प झाली. पुढच्या खेपेपासून वह्यांवर तिच्या स्वतःच्या होड्या आल्या, त्या कमी खपतात. आणि आपल्या अंकाच्या पानापानावर खाली नाचणारी वारली माणसं कुठून आली, हे संपादक मंडळाने सांगावं. माझ्या माहितीप्रमाणे क्लिपआर्टच्या सीडीतून.

कट्ट्यावर हा विषय काढला की दोन उत्तरं येतात. एक, व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात कार्डं घेतो कोण? खरं आहे, घेणारे कमी झालेत. मग आपण ४०० छापली कशाला? कारण स्पॉन्सरला फॉरवर्ड केलेलं फूल पाठवायची लाज वाटते. माझ्या रूम पार्टनरच्या सर्टिफिकेटच्या फाईलमध्ये बहिणीने राखीबरोबर पाठवलेली तीन कार्डं आहेत. त्याने मोबाईल तीनदा बदलला, कार्डं आहेत. दुसरं उत्तर, कमिटीकडे बजेट नसतं. डीजेला असतं. टी-शर्टला असतं. प्रिंटरला आपण ‘घरचंच काम आहे, फुकट कर’ म्हणत नाही, कारण तो ऐकणार नाही हे माहीत असतं. चित्र काढणाऱ्या मित्राला मात्र चहा-वडापाववर रात्रभर बसवतो, आणि सकाळी सांगतो, “अरे जरा निळा कमी कर ना.”

दया म्हणून कुणाचं कार्ड घ्या असं मी म्हणत नाही. आवडलं नाही तर घेऊ नका. ताईची काही कार्डं मलाही आवडत नाहीत, तिची गणपतीची सोंड नेहमी फसते. पण वापरायचं असेल तर विचारा, पैसे द्या, नाव टाका, आणि किती प्रती छापणार ते कागदावर लिहा. हे लिहिणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढलं की हक्क चित्रकाराकडे येतो, नोंदणीची सक्ती नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढायला सांगणारा धरला जातो. म्हणजे दोन ओळींचा करार केला नाही तर ताईला पैसे देऊनसुद्धा आपण तिचं चित्र कायमचं घेऊन बसू.

मी त्या ऑफिसात जाऊन आलो. साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत,” आणि फोनवर बोलायला लागले. ऑर्डर परत आली नाही.

यंदाच्या गॅदरिंगच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मी कमिटीपुढे प्रस्ताव ठेवलाय. ४०० प्रतींपुरतीच परवानगी, पुन्हा छापल्या तर पुन्हा पैसे, आणि मागे ताईचं नाव. रकमेला कुणाची हरकत नाही, आश्चर्यच आहे. हरकत आहे ती नावाला. बोधचिन्ह, प्रायोजकांची यादी आणि प्रमुख पाहुण्यांची पदं घातल्यावर मागे जागा उरत नाही म्हणतात. मी मोजून पाहिलं, तळाला ६ मिलिमीटर उरतात. आठ पॉइंटच्या अक्षराला तेवढे पुरतात. बैठक गुरुवारी साडेपाचला, मेसच्या वरच्या हॉलमध्ये आहे.