इंटरनेट बंद होण्याआधी

१२ नोव्हेंबर २०२१. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बंदच्या हाकेत पुन्हा तोडफोड, जाळपोळ. मग संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. दीड वर्षाने, १३ मे २०२३ च्या रात्री, अकोल्याच्या जुन्या शहरात निमित्त ठरली समाजमाध्यमावरची एक पोस्ट. एक माणूस जिवानिशी गेला. पुन्हा संचारबंदी, पुन्हा इंटरनेट बंद.

दोन्ही शहरांत शांतता आली ती सरकारी आदेशाने. ती आपल्याला आधीच, स्वतःहून का राखता येऊ नये?

सुकून म्हटले की आपल्याला चिखलदऱ्याची सहल आठवते. पण त्याची खरी परीक्षा रात्री अकरा वाजता होते. ग्रुपवर रक्त उसळवणारा व्हिडिओ येतो, अंगठा फॉरवर्डकडे जातो. त्या क्षणी ज्याला थांबता येते, त्याच्याकडे सुकून आहे. बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान करून पस्तावाल, असे सूरह हुजुरात बजावते.

थांबणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. डोके शांत असेल तरच माणूस तारीख, जागा, पुरावा नोंदवतो, तक्रार लिहितो, वकील गाठतो. जमावात धावलेल्या पोरावर मात्र गुन्हा दाखल होतो आणि पुढे नोकरीच्या पडताळणीत तोच आडवा येतो. कोर्टाच्या तारखा आई-बाप मोजतात.

ही सवय सरावानेच लागते. अमरावती जिल्ह्यातच, गुरुकुंज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी प्रचंड जनसमुदाय मौन पाळतो. १९६८ मध्ये याच वेळी त्यांचे निधन झाले होते. एवढी गर्दीही शांत राहू शकते, हे आपल्याच मातीतले उदाहरण.

आपल्याला तर दिवसातून पाच वेळा थांबायची मुभा आहे. पण सलाम फेरताच हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. तिथून सुरुवात करू. नमाजनंतर पाच मिनिटे फोन खिशातच राहू द्या. फजरआधी ग्रुप उघडू नका. आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर एकच नियम लावा: पडताळल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचे नाही.

पुढची अफवा येईलच. ती आपल्या फोनवर येऊन थांबली, तर कुणाचे तरी दुकान वाचेल. कदाचित जीवही.